मिश्र वनौषधी शेत बघायला जाताय? मग एवढं बघून या

औषधी आणि सुगंधी झाडं एकत्र कशी लावतात ते फोटो बघून कळत नाही, असं शेत एकदा पायाखाली घालायलाच हवं, म्हणून आम्ही काही जण जाऊन आलो. ऊन तापायच्या आत पोचा, किड्यांची खरी वर्दळ तेव्हाच दिसते.

अमुक झाडाच्या वासाने तमुक कीड पळते अशा याद्या आपण सगळ्यांनी वाचल्यात, पण तिथली मांडणी ठरली होती ती पाणी आणि काढणी या दोन गोष्टींवर आणि मला ते शंभर टक्के पटलं. रोझमेरी, थाइम, लॅव्हेंडर उंच वाफ्यावर, वाळू मिसळलेल्या मातीत, कारण मुळाशी पाणी साचलं की ही झाडं कुजतात. पुदिना आणि ब्राह्मी सखल बाजूला, जिथे वरचं पाणी झिरपत येतं. पुदिन्याच्या वाफ्याभोवती पत्र्याची पट्टी गाडलेली, नाहीतर त्याचे धुमारे सगळीकडे पसरतात.

काढणीचं गणित तर मी आधी धरलंच नव्हतं. अश्वगंधा साधारण 5-6 महिन्यांत मुळासकट उपटतात, आणि गवती चहा एकदा लावला की 4-5 वर्षं नुसता कापायचा, म्हणजे हे दोघं खेटून लावले तर उपटताना शेजाऱ्याची मुळं दुखावणार, म्हणून मध्ये चालायची वाट ठेवलेली. शतावरीची मुळं तयार व्हायला दीड-दोन वर्षं लागतात, तेवढा वेळ जागा रिकामी कशाला ठेवायची, म्हणून सुरुवातीला ओळींमध्ये कालमेघ घेतात, तो चारेक महिन्यांत निघतो.

शेपू आणि धण्याच्या काही ओळी मुद्दाम फुलू दिल्या होत्या, तिथे जरा थांबाच. हवेत एका जागी तरंगणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची छोटी माशी त्या छत्रीसारख्या फुलावर मध खायला येते, शेजारच्या पानावर मावा असेल तिथे अंडी घालते. पान उलटून बघितलं तर बिनपायाची हिरवट अळी एकेक मावा पकडून शोषत होती!! कीड म्हणून तिला चिरडू नका प्लीज.

झेंडूबद्दल मात्र आवर्जून विचारा. त्याच्या मुळांमुळे सूत्रकृमी (मातीतले, झाडांच्या मुळांना त्रास देणारे अगदी बारीक जंत) कमी होतात हे खरं, पण बांधावर चार रोपं लावून काही होत नाही, त्या जागेत दाट लावून दोन-तीन महिने तरी ठेवावा लागतो.

तेल काढायचं युनिट असेल तर ते चालू कधी असतं ते विचारूनच दिवस ठरवा. ओळख पटल्याशिवाय कुठलंही पान तोंडात टाकू नका. रोपं घेणार असाल तर शास्त्रीय नाव लिहून घ्या आणि एखादं रोप पिशवीतून अलगद काढून मुळं बघा, गाठी दिसल्या तर सोडून द्या, नाहीतर सूत्रकृमी आयतेच तुमच्या वाफ्यात येतील.