तुम्ही विचारलंत म्हणून: गेममधल्या घरात खाट कुठे ठेवायची?

"एका खोलीत सामान लावायला तुला अख्खा शनिवार कसा काय लागतो?" हे मला जो तो विचारतो, म्हणून एकदाचं नीट सांगते.

मी आरपीजी मेकर एमव्ही या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटे गेम बनवते. त्यात नवीन मॅप, म्हणजे गेममधल्या एका जागेचा नकाशा, येतो 17 बाय 13 टाइलचा, एक टाइल म्हणजे 48 पिक्सेलचा चौकोन, स्क्रीन बरोबर भरते, त्यामुळे सुरुवातीला सगळेच घराची खोली तेवढी मोठी करतात आणि मग ती रिकामी फरशी खायला उठते म्हणून मडकी, पिंपं, खोकी जिथे जागा दिसेल तिथे टाकत सुटतात. मीही तेच केलं होतं. आता एका खोलीच्या घराला 9 बाय 7 च्या वर जात नाही.

मी वाढले कोपरखैरण्याला, सिडकोच्या घरात. दारामागे लोखंडी कपाट, त्यामुळे दार अर्धंच उघडायचं, कोणी आलं की आई ओट्यापासूनच म्हणायची "जरा तिरकं होऊन या हं". पण ओटा ते मोरी ही वाट कायम मोकळी, कारण सकाळी पाणी आलं की कळशी घेऊन तिथूनच धावायचं असायचं. मॅप करतानाही मी आधी त्या घरातल्या माणसाची पावलं धरते, दार ते चूल, चूल ते खाट, खाट ते दार, त्या टाइलना हात लावायचा नाही, उरलेल्या जागेत सामान.

हे न करता काय होतं ते मला भाच्याने दाखवलं. एका घरात खाट आणि कपाट यांच्यामध्ये एकच टाइल सोडली होती, आत ट्रंक, ट्रंकेत किल्ली. घरातली आजी 'अप्रोच' हालचालीवर ठेवलेली, म्हणजे प्लेअर जवळ आला की ती त्याच्याकडे चालत येते. हा किल्ली घ्यायला आत शिरला आणि आजी मागून येऊन बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. जरा सरकली की परत तिथेच. "मावशी, आजी जाऊच देत नाहीये गं", पाच मिनिटं धडपडला आणि शेवटी गेम बंद केला त्याने. एवढ्या आवडीने खेळत होता, फार वाईट वाटलं मला. आता जिथे एनपीसी, म्हणजे प्लेअर चालवत नाही असं पात्र, फिरतो तिथे दोन टाइलची वाट, आणि आजी खाटेवर बसलेली, 'फिक्स्ड', म्हणजे जागेवरून न हलणारी, उशाशी पानाचा डबा.

कपाटाचं वेगळं. खोलीच्या मधोमध पार्टिशनसारखं उभं केलं तर टाइलच्या सेटिंगमध्ये खालच्या टाइलला फुली, म्हणजे तिथून जाता येत नाही, वरच्या टाइलला चांदणी, म्हणजे हिरो मागून जाऊ शकतो आणि कपाट त्याच्यावर दिसतं. छान वाटतं ते, खरंच कोणीतरी आडोसा केलाय असं. पण गोष्ट पुढे सरकायला जी वस्तू लागणार ती अशा आडोशाला मी कधीच ठेवत नाही, फार तर चार नाणी.

आणि लावून झालं की शिफ्ट दाबून दारातून चुलीपर्यंत पळत जायचं आणि परत यायचं. एकाच खुर्चीला दोनदा अडखळले की ती खुर्ची भिंतीला.