लोगो येतो का?

"डिस्प्ले येत नाही." एवढ्या तीन शब्दांवर माणसं कॉम्प्युटरचं कॅबिनेट मांडीवर घेऊन निघतात. सायनपर्यंत रिक्षा, पुढं टॅक्सी. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटरच्या दुकानात पोचलं की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, "लोगो येतो का?" आणि इथंच घोडं अडतं. स्क्रीन काळी झाली हे सगळ्यांच्या लक्षात असतं. नेमकी कधी झाली, हे कुणी बघितलेलंच नसतं.

बटण दाबल्यावर मदरबोर्डच्या कंपनीचं नाव येतं, मग विंडोजचा लोगो, खाली गोल फिरणारे ठिपके. इथपर्यंतच्या चित्राशी आपण मोठ्या हौसेनं डाउनलोड केलेल्या ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला ग्राफिक्स कार्ड चालवायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, काही संबंध नसतो. कार्डावरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्यातच कोरलेला छोटा प्रोग्राम, एक साधी चौकट मांडून देतं, तिच्यावर विंडोज कामापुरतं रेखाटून घेतं. खरा ड्रायव्हर ताबा घेतो तो लॉगिन यायच्या सुमारास. ठिपके नीट फिरले आणि मग अंधार झाला, तर पहिला संशय ड्रायव्हरवर घ्यावा. कॅप्स लॉक दाबून बघावं. दिवा लागत-विझत असेल तर मशीन जागं आहे, फक्त दाखवत नाहीये. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं की ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो; बीप ऐकू येते, कधीकधी तेवढ्यानंही भागतं.

नाही भागलं तर सेफ मोड, म्हणजे मोजक्या, साध्या ड्रायव्हरांवर चालणारं विंडोज. ठिपके फिरत असताना पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करायचं. असं लागोपाठ दोनतीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा पुढं करतं. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ चा आकडा. वाटेत बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती आधी लिहून ठेवली नसेल तर ग्राफिक्स बाजूलाच राहतं. सेफ मोडमध्ये चित्र आलं की डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्समध्ये आपलं कार्ड, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक. ते बटण फिकट दिसलं तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असं समजावं आणि अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकटीतही टिक करावी. नेटची केबल किंवा वायफाय बंद हवं. नाहीतर तुम्ही पुढच्या दारानं ज्याला घालवलंत, त्याला विंडोज अपडेट मागच्या दारानं आत घेतं. लिनक्सवाल्यांचं सोपं: ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीच्या मेनूच्या, पडद्यावर ई दाबायचं, लिनक्स या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (nomodeset) लिहायचं, एफ१०.

सेफ मोड ठणठणीत, पण कुठलाही ड्रायव्हर टाकला की पुन्हा अंधार, असं झालं तर मात्र कार्ड किंवा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बघावा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटच मिळतात. ८ पिनची केबल अर्धवट बसली असेल तर मोठं कार्ड चालायचं कसं?

आणि लोगोच येत नसेल, तर ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडू नयेत, त्याची पाळीच आलेली नसते. केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये तर खोचलेली नाही? नावाच्या शेवटी एफ असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसतं, तिथून काही येणार नाही. मग रॅम. मुंबईची दमट हवा, त्यात पंख्यानं ओढलेली धूळ; सोनेरी पट्ट्यांवर एक मळकट थर बसतो. प्लग काढून, रॅम कडेनं धरून, मऊ पांढऱ्या खोडरबरानं पट्ट्या हलक्या हातानं पुसाव्यात. लाल-निळ्या खोडरबराची निळी बाजू अजिबात नको, ती मुलामा खरवडते. रबराचा भुगा ब्रशनं झटकावा आणि रॅम खटका वाजेपर्यंत दाबावी. हेच कार्डालाही.

एक प्रकार मात्र निव्वळ छळवादी. लोगो येतो, विंडोज सुरू झाल्याचा आवाजही येतो, मॉनिटर काळा. क्रिकेटसाठी हॉलमधल्या टीव्हीला लावलेली लांब केबल अजून कार्डात असते आणि नव्या ड्रायव्हरनं टीव्हीलाच मुख्य पडदा ठरवलेलं असतं. टॅक्सीला हात करण्याआधी टीव्ही लावून बघावा. पासवर्डची चौकट तिथं वाट बघत बसलेली असते.