खोक्याखालचा भोवरा

इंग्लंडमधल्या लीड्सला येऊन आठ महिने झाले होते, तरी रस्ता ओलांडताना माझी सगळी भिस्त कानांवर होती. काही सिग्नल हिरवे झाले की टीं-टीं वाजतात. काही मात्र मुके असतात, कारण शेजारच्या क्रॉसिंगचा आवाज ऐकून माणूस भलत्याच रस्त्यावर उतरायला नको. अशा मुक्या सिग्नलवर बाजूचं कुणी चालायला लागेपर्यंत मी थांबायचो. एक दिवस तिथं उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझा हात धरला आणि बटणाच्या खोक्याखाली नेला. बोटाच्या पेराएवढा, खाचा पाडलेला एक भोवरा तिथं लटकत होता. दिवा हिरवा झाला आणि तो माझ्या चिमटीत फिरायला लागला.

ही युक्ती 1980 च्या दशकात नॉटिंगहॅम विद्यापीठात निघाली म्हणे. आठ महिने रोज त्याच खोक्याला मी हात लावत होतो. ऑफिसातल्या डोळस लोकांना विचारलं, तर त्यांनाही पत्ता नव्हता!

त्या दिवशी मला आण्णा आठवले.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यात. मी जन्मापासून आंधळा. (‘दिव्यांग’ हा शब्द सर्टिफिकेटवर ठीक आहे, मायनं घरात कधी वापरला नाही.) पेपर वाचून दाखवायचं काम आण्णांचं. ओसरीवर बसून कापसाचा भाव, अपघात, पुढाऱ्यांची भांडणं, सगळं वाचायचे. नोकरीची जाहिरात आली की, “हे आपल्या कामाचं न्हाई,” म्हणत पान उलटायचे. त्या पानाची फडफड अजून कानात आहे. पोराला उगाच आस लावू नये, एवढंच त्यांच्या मनात. पण पानासोबत जाहिरातीच्या तळाची बारीक अक्षरंही उलटली जायची. 1995 च्या कायद्यानं अपंगांसाठी 3 टक्के जागा राखीव होत्या (2016 च्या कायद्यानं त्या 4 टक्के झाल्या, त्यात 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांना). मला हे विसाव्या वर्षी कळलं, परभणीच्या एसटीत शेजारी बसलेल्या माणसाकडून.

डोळस पोराला न शोधताही माहिती सापडते. भज्यांच्या कागदावर, स्टँडच्या भिंतीवर, दुसऱ्याच्या हातातल्या पेपरात. माझ्याकडे यायचं ते दुसऱ्या कुणी निवडलेलं. मग मला माहीत असलेले धंदे तीनच: मास्तर, टेलिफोन ऑपरेटर आणि भजनात पेटी. गणित घेतो म्हणालो तर शाळेतले सर हसले, “आकृत्या कुठून बघशील?” पेटी तर मला आजही येत नाही.

औरंगाबादला (तेव्हा हेच नाव होतं) होस्टेलवर एकानं पेनड्राइव्हमधून एनव्हीडीए टाकून दिलं. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं हे फुकट सॉफ्टवेअर मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं 2006 मध्ये सुरू केलं. हौसेनं आधी एक मराठी जाहिरात उघडली. यंत्र म्हणालं, “ई जी के जे के.” पुन्हा लावलं, पुन्हा तेच. ती फाइल कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. डोळ्यांना ‘महाराष्ट्र’ दिसतं, आत इंग्रजी अक्षरांचा काला असतो. स्कॅन केलेल्या पीडीएफवर तर ते तोंडच उघडायचं नाही. इंग्रजी पानं मात्र घडाघडा वाचायचं. मग काय, इंग्रजीच धरली. त्याच वाटेनं सॉफ्टवेअर टेस्टिंग, पुणे आणि आता इथं. वेबसाइट आंधळ्यांना वापरता येते का, हे तपासायचा मला पगार मिळतो.

इथं औषधाच्या खोक्यावर ब्रेलमध्ये नाव लागतं, कायदाच आहे. पहिल्यांदा ‘पॅरासिटामॉल’ बोटानं वाचलं तेव्हा मी दुकानातच उभा राहिलो. आमच्या घरी गोळ्यांची ओळख रबरांवर. बीपीच्या डबीला एक, शुगरच्या डबीला दोन. पण इथं सगळं आलबेल आहे असं नाही. एका कंपनीच्या अर्जात ‘चित्रात बस असलेले चौकोन निवडा’ आलं आणि तो अर्ज तिथंच मेला. ‘ॲक्सेस टू वर्क’ नावाची सरकारी योजना कामाला लागणाऱ्या साधनांचे, मदतनिसाचे पैसे देते, पण अर्ज आपणच करायचा असतो. आमच्या एचआरच्या बाईंना ती माझ्याकडूनच कळली.

परवा मायचा फोन आला. गल्लीतली एक पोरगी, नजर अधू, आता दहावीला आहे. “तिचा बाप इचारतोय, पुढं काय शिकवावं?” मी म्हणालो, बापाला नको, तिलाच फोन दे. तासभर बोललो. पेपर वाचणाऱ्याला तळाची बारीक अक्षरंसुद्धा वाचायला लाव, हे दोनदा सांगितलं. मग या भोवऱ्याची गोष्ट सांगितली. ती जरा वेळ गप्प, आणि मग विचारते, “काका, तो फिरतो कुठल्या बाजूला?”

चार वर्षं रोज हात लावतोय, पण मला सांगता येईना. सकाळी ऑफिसला जाताना मुद्दाम दोन सिग्नल उगाच थांबलो.