सागवानी माडी, १८० चौरस फूट: मे महिन्यातल्या फटींपासून तेलाच्या तिसऱ्या हातापर्यंत

मे: फक्त मोजमाप

कडीपाटाची माडी, १२ बाय १५ फूट. फळ्या १८, प्रत्येक ८ इंच रुंद आणि सव्वा इंच जाड. कडा सरळ कापलेल्या, एकीत एक बसणारी खाच नाही. खाली ७ कड्या, प्रत्येक कडीवर फळीमागे २ खिळे, म्हणजे एकूण २५२.

मे महिन्यात फटी साडेचार ते पाच मिमी भरल्या. ऑगस्टमध्ये त्याच जागी दोन ते अडीच. सागवान कमी हलणारं लाकूड आहे, तरी ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे ८ इंची फळी रुंदीत ०.४ मिमीच्या आसपास फुगते किंवा आकसते. खोडाच्या मधोमध उभी चिरलेली फळी याच्या निम्मीच हलते. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा आणि दमट श्रावण यांत लाकडाच्या ओलाव्यात सहा-सात टक्क्यांचा फरक धरला तर हिशोब जुळतो. म्हणून उन्हाळ्यात फटी दिसतात तेव्हाच त्या भरायच्या, ही चूक सगळ्यात महाग पडते. भुसा-फेविकॉलचा लगदा भरलेली फट पावसाळ्यात मिटायला जागा शोधते. लगदा वर येतो, नाहीतर फळी मधून उचलली जाऊन खिळा सैल होतो. काम दिवाळीनंतर काढायचं, फट मधल्या मापावर असते तेव्हा.

नोव्हेंबर, पहिला आठवडा: सारवण, उधई, खिळे

फळ्यांवर जुन्या शेणाच्या सारवणाचा थर होता. तो खुरप्यानं कोरडाच काढला. पाणी मारलं की दोन गोष्टी बिघडतात. सारवणातली बारीक रेती रेषांत जाऊन बसते आणि पुढं पॉलिश पेपर खाते. शिवाय सागवानातलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य), पाणी आणि लोखंडी खिळा एकत्र आले की खिळ्याभोवती काळं वर्तुळ उठतं.

फळीचं टोक जिथं मातीच्या भिंतीत शिरतं, तिथं हातोडीच्या दांड्यानं वाजवून पाहायचं. भरीव लाकूड टणक बोलतं, उधईनं खाल्लेलं भद्द. दोन फळ्या अशा निघाल्या. बदलायला जुनंच सागवान घ्यावं. नवी फळी गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या उत्तम खोडाची असली तरी ओली असेल तर बसवल्यावर आकसणारच.

सगळे खिळे सुंब्यानं ३ मिमी खाली बसवले. हे कंटाळवाणं आहे, पण टाळू नये. वर राहिलेलं एक डोकं सॅन्डरची (घासायच्या मशीनची) चकती फाडतं, आणि ठिणगी भुशाच्या पिशवीत गेली तर आग लागते.

भिंतीलगत जुन्या ऑइल पेंटचा चार इंची पट्टा होता. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचा रंग शिशाचा समजूनच चालावं. तो कोरडा घासायचा नाही, पेंट रिमूव्हर लावून खरवडायचा.

नोव्हेंबर, दुसरा-तिसरा आठवडा: घासकाम

५ इंची ऑर्बिटल सॅन्डर. चकत्या लागल्या त्या अशा (नंबर लहान तितकी चकती खरखरीत): ६० नंबरच्या २६, ८० च्या १८, १२० च्या १४. मधल्या ८० ला फाटा देऊ नये. ६० चे ओरखडे १२० नं निघत नाहीत, फक्त गुळगुळीत होतात आणि तेल लावताच काळे दिसतात. १२० च्या पुढे जाण्यात अर्थ नाही, लाकूड तेल कमी पितं. ग्राइंडरला चकती लावून घासायचा मोह आवरावा. अर्धचंद्राचे खड्डे पडतात आणि ते भरून निघत नाहीत.

प्रत्येक नंबराआधी फळीभर पेन्सिलनं नागमोडी रेघ मारायची आणि रेघ पूर्ण जाईपर्यंत घासायचं. मग संध्याकाळी बॅटरी जमिनीवर आडवी ठेवून पाहायचं. दुपारी आरशासारखी वाटलेली फळी त्या तिरप्या उजेडात नांगरलेल्या वावरासारखी दिसते.

व्होल्टेज कमी असताना मशीन ओढून चालवू नये. मोटर तापते, चकती मंदावते आणि एकाच जागी खड्डा करते. एन-९५ मास्क हवाच, सागाचा भुसा घसा आणि कातडी दोन्हीला झोंबतो. खालच्या खोलीत ताडपत्री अंथरा, निम्मा भुसा फटींतून तिथंच उतरतो.

काळ्या वर्तुळांवर ऑक्झॅलिक ॲसिड: लिटरभर गरम पाण्यात ६० ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत, हातमोजे घालून. वीस मिनिटांनी स्वच्छ पाण्यानं दोनदा पुसायचं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं एकदा, आणि दोन दिवस वाळवायचं. ॲसिड विषारी आहे; न पुसता घासलं तर त्याची पूड नाकात जाते.

३ मिमीच्या आतल्या फटी तशाच सोडल्या. मोठ्या फटींत सागाच्या चिपा बसवल्या, गोंद एकाच बाजूला. दोन्ही बाजूंना लावला की दोन फळ्यांची एक होते आणि दुसरीकडं चीर पडते.

डिसेंबर: तेलाचे हात

पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) थर कडक आणि देखणा, पण हलणाऱ्या कडीपाटावर तो फटींच्या काठाशी फाटतो, आणि दुरुस्ती म्हणजे अख्खी खोली पुन्हा घासणं. तेल हातभर जागेत पुन्हा लावता येतं. माडीला तेलच योग्य.

जवस आपल्याच शेतातलं असलं तरी घाण्यावर काढलेलं तेल चालत नाही. ते आठवडे न् आठवडे ओलं राहतं आणि धूळ धरतं. पेंटच्या दुकानातलं डबल बॉइल्ड घ्यावं, त्यात सुकवणारी द्रव्यं असतात. घरी उकळून ते होत नाही.

सागवानाचं अंगचं तेल जवसाला सुकू देत नाही, म्हणून आधी थिनरच्या फडक्यानं पुसून तासाभरात पहिला हात. तेल आणि टर्पेंटाइन सारखं, दोन्ही मिळून दीड लिटर. दुसरा हात नुसत्या तेलाचा, ७०० मिली. तिसरा ४००. प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटांनी उरलेलं तेल कोरड्या सुती कापडानं पुसून घ्यायचं. एका कोपऱ्यात ते राहिलं आणि चिकट साय धरली. टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या गोणपाटानं घासून काढावी लागली. थंडीत दोन हातांमध्ये ४८ तास ठेवावेत.

हेच दिवस वेचणीचे. शेजारच्या खोलीत कापूस भरलेला असेल तर दाराला ओली चादर लावा, नाहीतर तंतू उडून ओल्या तेलावर बसतो. त्याहून मोठा धोका तेलाच्या फडक्यांचा. बोळा करून टाकलेलं फडकं सुकताना आपोआप तापतं आणि पेटतं. ती बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवायची किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवायची. कापसाच्या घरात यात एकदाही हलगर्जी नको.

माडीवर अनवाणी चालणं तिसऱ्या दिवसापासून, सामान दोन आठवड्यांनी, तुरीचे कट्टे महिनाभरानं. भिंतीकडच्या दोन फळ्या अजून बदलायच्या आहेत. बसवलेल्या चिपांचं माप आता ऑगस्टमध्ये घ्यायचं.