कोठीतले धान्य आणि आद्या महालक्ष्मी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, तेव्हा पहिले काम असते ते कोठ्या भरण्याचे. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात त्याच या ज्येष्ठा आणि कनिष्ठा. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निघतात. मुखवटे पितळेचे असतात, साड्या नव्या असतात, पण त्या साड्यांच्या आत धड म्हणून उभी असते ती पत्र्याची पोकळ कोठी. तिच्या तोंडातून सुपाने गहू ओतले जातात. आधी पत्र्यावर आदळणाऱ्या दाण्यांचा खणखणाट होतो, मग धान्यावर धान्य पडू लागते तसा तो आवाज मऊ होत जातो आणि शेवटी नुसती सळसळ उरते. माझी आजी आत डोकावून न पाहता त्या आवाजावरून कोठी किती भरली ते सांगत असे. साडीच्या आतले कोणाला दिसणार आहे, मग एवढे धान्य कशाला, असे मी लहानपणी तिला विचारले होते. ती म्हणाली, "रिकाम्या कोठीवर मुखवटा नसते बसवत, बाई."

कितीतरी वर्षांनी दुर्गासप्तशतीच्या शेवटी पठणात येणारे प्राधानिक रहस्य मी अर्थासह वाचायला घेतले, तेव्हा आजीचे ते वाक्य मला जसेच्या तसे आठवले. सप्तशतीचे तेरा अध्याय आमच्या घरी नवरात्रात वाचले जात, पण त्यानंतरच्या रहस्यांकडे फारसे कोणी लक्ष देत नसे. तिथे राजा विचारतो की देवीचे मूळ रूप कोणते, आणि ऋषी उत्तर देतात, "सर्वस्याद्या महालक्ष्मीस्त्रिगुणा परमेश्वरी". सगळ्यांच्या आधीची ती महालक्ष्मी. ही विष्णूचे पाय चेपणारी, समुद्रातून वर आलेली लक्ष्मी नव्हे. ती पुढे या आद्या महालक्ष्मीपासूनच निर्माण होते. आद्येच्या हातांत मातुलुंग म्हणजे महाळुंगाचे फळ, गदा, ढाल आणि पानपात्र आहे, आणि मस्तकावर नाग, लिंग आणि योनी आहेत. उत्पत्तीची सगळी चिन्हे तिने एकटीने डोक्यावर धारण केली आहेत, आणि त्या वेळी तिच्या शेजारी दुसरे कोणीही नाही. तिच्या तमोगुणातून महाकाली आणि सत्त्वगुणातून महासरस्वती प्रकट होते. मग तिघी मिळून ब्रह्मा, विष्णू आणि रुद्र यांना व त्यांच्या शक्तींना जोडीजोडीने जन्म देतात. देवांची लग्ने त्यानंतर लागतात, आणि तीही आद्या महालक्ष्मीच लावून देते.

या कथेतली माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची ओळ आहे "शून्यं तदखिलं स्वेन पूरयामास तेजसा". ते सारे शून्य तिने आपल्या तेजाने भरून टाकले. 'स्वेन' हा लहानसा शब्द मी कितीदा तरी वाचला असेल. स्त्रीला पात्र मानणे, क्षेत्र मानणे, आणि बीज मात्र दुसऱ्याचे समजणे ही आपल्या शास्त्रांतली जुनी आणि पक्की कल्पना आहे. शेतकऱ्याच्या घरात तर ती उपमा उठताबसता कानावर पडते. या ओळीत मात्र पोकळीही तिचीच आहे आणि त्या पोकळीत भरले गेलेले तेजही तिचेच आहे. आजीने कोठी भरताना संस्कृतचा एक शब्दही वाचलेला नव्हता, आणि या श्लोकावरून आमचा कुळाचार निघाला असेही मी म्हणत नाही. उलटे घडले असण्याचा संभव मला अधिक वाटतो: धान्याची कणगी आणि गर्भार पोट यांच्यातले साम्य आधी शेतात राबणाऱ्या बायकांना दिसले असेल, आणि श्लोक करणाऱ्यांनी ते नंतर उचलले असेल.

आदिमातेच्या कथा जगभर आहेत म्हणून सगळीकडे एकच देवी होती असे सांगणारे लेखन अलीकडे फार वाचायला मिळते. ते मला पटत नाही, कारण या कथांमधला फरकच मला अधिक बोलका वाटतो. बाबिलोनच्या सृष्टिकथेच्या सात मृत्तिकापट्टिका निनवे येथील असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातून आणि इतर ठिकाणांहून मिळाल्या, आणि जॉर्ज स्मिथ यांनी 1876 मध्ये त्या कथेचे भाषांतर प्रसिद्ध केले. तिच्यात आरंभी दोनच पाणी आहेत, गोडे पाणी अप्सू आणि खारे पाणी तियामत, आणि त्यांच्या मिसळण्यातून देव जन्मतात. पुढे त्याच देवांपैकी मर्दुक हा तरुण देव तियामतला युद्धात मारतो, सुकवायच्या मासळीसारखी तिला उभी चिरतो, आणि अर्ध्या देहाचे आकाश करतो. तिच्या डोळ्यांतून तैग्रिस आणि युफ्रेटिस वाहू लागतात. त्याच भूमीतल्या त्याहून जुन्या सुमेरी परंपरेत आकाश आणि पृथ्वी यांना जन्म देणारी नम्मू नावाची आदिमाता आहे. तिला कोणी चिरलेले नाही. एकाच नदीखोऱ्यात आईपासून जग जन्मण्याची कल्पना आईच्या प्रेतापासून जग घडवण्यापर्यंत येऊन पोहोचते, आणि मधल्या काळात नगरे, राजे आणि त्यांचे विजयी देव उभे राहिलेले असतात. मला हा योगायोग वाटत नाही.

आपल्याकडे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 72वे सूक्त सांगते की पृथ्वी उत्तानपदापासून जन्मली, म्हणजे पाय पसरून प्रसवणाऱ्या स्थितीपासून. आणि लगेच पुढे म्हणते की अदितीपासून दक्ष जन्मला व दक्षापासून अदिती. आई कोण आणि लेकरू कोण हे तिथे मुद्दामच सुटे ठेवलेले आहे. त्याच मंडलातल्या वाक्सूक्तात वाणीची देवता वाक् स्वतः बोलते, "अहं सुवे पितरमस्य मूर्धन्", या जगाच्या माथ्यावर मी पित्यालाही जन्म देते. उत्तानपदाची ही आकृती पुढे लज्जागौरीच्या दगडी मूर्तींमध्ये दिसते, जिच्या धडावर मस्तकाच्या जागी कमळ असते. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात तर तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या घरात, झाकण असलेल्या मातीच्या पेटीत, शिर नसलेली स्त्रीमूर्ती बैलाच्या मूर्तीसह मिळाली.

आमच्या भागातून पैनगंगा ओलांडली की माहूर येते, आणि तिथे याच्या नेमके उलट आहे. रेणुकेचा तिथे मुखवटाच पुजला जातो, खाली धड नाही. परशुरामाने पित्याच्या आज्ञेवरून आईचे मस्तक उडवले ही कथा सर्वांना ठाऊक आहे. कुठे धड पूजेला आणि कुठे मस्तक, अशी ही विभागणी मनात ठेवून मी पुन्हा आमच्या महालक्ष्म्यांकडे पाहते, तेव्हा मुखवटा आणि कोठी एकमेकांवर बसवण्याच्या त्या क्षणाचे महत्त्व मला कळते. जे इतरत्र तुटलेले आहे ते या घरात दरवर्षी जोडले जाते.

देवीच्या उपासनेतल्या श्रीयंत्र या आकृतीत पाच त्रिकोण खाली टोक केलेले शक्तीचे आणि चार वर टोक केलेले शिवाचे असतात, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यापेक्षा ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवाचे पहिले प्रकरण जवळचे वाटते, कारण तिथे हीच गूढ कल्पना घरातल्या भाषेत आली आहे: घरात माणसे दोनच, आणि धनी निजला की धनीण जागी राहून दोघांचेही घरपण चालवते. रात्री उशिरापर्यंत चुलीपाशी बसलेल्या बायका ज्याने पाहिल्या आहेत त्याला शिव-शक्तीचे अद्वैत यापेक्षा वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता जे लिहायचे आहे ते मला सोपे नाही. आजोबा गेल्यानंतर आजीला मुखवट्याला हात लावू दिला गेला नाही. कोठ्या तिनेच भरायच्या, आंबिलीसाठी ज्वारी तिनेच दळायची, सोळा भाज्या तिनेच निवडायच्या, आणि मुखवटा बसवायची वेळ आली की तिने मागच्या दाराशी जाऊन बसायचे. कोणी तिला रागावून सांगितले नव्हते. सगळ्यांनी गृहीत धरले होते, तिनेही धरले होते. मी त्या घरात होते, मोठी झालेली होते, आणि काही बोलले नाही.

पुढे दहा महाविद्यांविषयी वाचताना धूमावती भेटली. ती विधवा आहे, तिच्या रथावर कावळ्याचा ध्वज आहे, ती भुकेलेली आहे आणि तिच्या हातात सूप आहे. तिच्या उत्पत्तीच्या एका कथेत अनावर भुकेने सतीने शिवालाच गिळले आणि तिच्या देहातून धूर निघू लागला. तंत्रमार्गाने या रूपाला महाविद्यांच्या पंक्तीत बसवले, देवीच्याच दहा रूपांपैकी एक मानले. आमच्या घरात सूप हातात घेतलेली ती रूक्ष केसांची म्हातारी मागच्या दाराशी बसलेली होती, आणि दर्शनी ओसरीत आम्ही देवीची आरती करत होतो. ज्येष्ठा हे नावही पुराणांत लक्ष्मीच्या आधी समुद्रातून निघालेल्या थोरल्या बहिणीचे, अलक्ष्मीचे आहे. दोन बहिणींपैकी थोरलीला आपण पाटावर बसवतो ते तिला घराबाहेर न ठेवण्यासाठीच असावे, असे मला आता वाटते.

मूळ नक्षत्राच्या दिवशी मुखवटे उतरवले की कोठ्या रिकाम्या करायच्या असत, आणि त्या कामाला आजीला कोणाची आडकाठी नव्हती. ती कोठीच्या तोंडातून कोपरापर्यंत हात घालून गहू काढी आणि पायलीने मोजून पोत्यात भरी. शेवटची ओंजळ मात्र ती मोजत नसे. ती पदराला बांधून ठेवी आणि पेरणीच्या वेळी घरच्या बियाण्यात मिसळून देई. गेल्या वर्षी आमच्याकडे महालक्ष्म्या बसल्या तेव्हा कोठ्या मी आणि आईने मिळून भरल्या. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. मी मुखवटा उचलून आईच्या हातात दिला, तिने तो थोडा वेळ तसाच धरून ठेवला, आणि मग कोठीवर बसवला.