पाणसोटाच्या पानांची भुकटी : आमची वाटचाल

वरुडकडे संत्र्याच्या झाडाला पाणसोट फुटले की मामाजी ते खुडून धुऱ्यावर फेकायचे. सरळसोट वाढणारे हे फुटवे झाडाचं अन्न खातात आणि फळ देत नाहीत, एवढीच आमच्या घरात त्यांची ओळख. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या ढिगाच्या वासानेच थबकले होते. आज त्याच पानांची भुकटी आम्ही उटणं आणि साबण करणाऱ्यांना विकतो.

धंदा सुरू झाला तो लेकीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत. अँटिऑक्सिडंट गुण तपासायला तिने पानांचा अर्क डीपीपीएच नावाच्या गडद जांभळ्या द्रावणात टाकला आणि बघता बघता ते फिकट पिवळं झालं. "आई, यातल्या कणांना इलेक्ट्रॉनची जोडी अपुरी असते. पानातले फिनॉल आपला हायड्रोजन देऊन ती भरून काढतात." मला रंगच जास्त कळला. हेस्पेरिडिन वगैरे, या पानातल्या फिनॉलांची नावं, नंतर पाठ झाली.

पहिला माल मात्र फसला. मे महिन्यात टिनावर पानं वाळवली, तर हाती तंबाखूच्या रंगाचा चुरा आला. लेकीने तोही तपासला. जांभळा रंग जेमतेम हलला. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तसंच. जे फिनॉल आम्हाला हवे होते, तेच हवेशी झुंजून आधी खर्च झाले होते. आता सावलीत, जाळीवर एकच थर पसरतो, पंखा लावतो, वरखाली करतो. साधारण तीन किलो ओल्या पानांची एक किलो कोरडी होतात.

दुसरा फटका तांब्याचा. शेजारच्या बगीच्यातली पानं घेतली, पण त्यांनी बोर्डो मारलं होतं. म्हणजे बुरशीवरचं औषध, तांब्याचं मोरचूद आणि चुना! पोतं परत आलं, भाडंही आमच्याच अंगावर पडलं. तेव्हापासून फवारणीची वही बघितल्याशिवाय कुणाचं पान घेत नाही. कोळशी, म्हणजे काजळीसारखी बुरशी, आलेली काळी पानं तर बाया दारातच बाजूला काढतात.

एका व्यापाऱ्याला पुडीवर 'कर्करोगावर गुणकारी' छापून हवं होतं. मी नाही म्हटलं. काचेच्या नळीत रंग उतरला म्हणजे पोटात औषध लागू पडलं, असं होत नाही. हेस्पेरिडिन पाण्यात नीट विरघळतसुद्धा नाही. आतड्यातले जिवाणू त्याला जोडलेली साखर तोडतात, तेव्हा कुठे ते अंगात शिरतं. तो माणूस पुन्हा आला नाही. मोठी ऑर्डर होती, वाईट वाटलंच.

खरी अडचण पावसाळ्याची. पाणसोट तेव्हाच जोमात, आणि हवा अशी की सकाळी पसरलेलं पान संध्याकाळी चिकट. ड्रायरचं कोटेशन आणलंय. मामाजींनी ते चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलंय. हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत.