“समरी देल्ली ना जी!” – केस पेपर मिळवतानाचा माझा अनुभव

आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, मेडिक्लेमही अडला नाही. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते हॉस्पिटलच्या तळघरातल्या रेकॉर्डच्या खिडकीबद्दल. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

घरी आणलं त्याच संध्याकाळी वहिनीने आईला कुशीवर वळवलं. माकडहाडाच्या वर रुपयाएवढी जखम, मधोमध काळपट. वहिनी मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, स्टाफ नर्स आहे. म्हणाली, “ताई, हा बेडसोर आहे, एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम. हे आजचं नाही. लाली दाबली तरी जात नाही, तेव्हाच कळायला हवं होतं. डिस्चार्ज समरीत एक अक्षर नाही याचं. तुम्ही नर्सिंगचे कागद मागा.”

डिस्चार्ज समरी म्हणजे केस पेपर नव्हेत, हे मला तेव्हा कळलं. रोजच्या नर्सिंग नोट्स, कूस बदलल्याचा पोझिशन चार्ट, औषधांचा तक्ता, संमतीपत्रं, भरती करताना त्वचा तपासल्याची नोंद, हे सगळं इनडोअर फाइलमध्ये असतं. पेशंटला त्याच्या प्रती मागता येतात.

खिडकीवरच्या मुलाला हे सांगितलं. “समरी देल्ली ना जी तुम्हाले. अजून काय पाह्यजे?” मग फाइल इन्शुरन्सला गेली होती. मग डॉक्टरांची सही बाकी होती. मग सही करणारे साहेब सुट्टीवर. नागपुरात, धंतोलीत मे महिन्याच्या दुपारी गाडी लावायला जागा शोधून आत यायचं आणि पंख्याखाली बसून “उद्या या ना जी” ऐकायचं. उद्या कोणता, हे कोणी सांगत नव्हतं. तो मुलगा उद्धट नव्हता, हे मात्र खरं. त्याला वरून जे सांगितलं होतं तेच तो बोलत होता, आणि वरचे कोण ते खिडकीतून दिसत नाहीत.

वहिनी म्हणाली, तोंडी मागणं बंद करा. मग अर्ज लिहिला. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत नियम १.३.२ आहे: पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने कागद मागितले, तर मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांत प्रती द्यायच्या. रेकॉर्ड तीन वर्षं जपायचं, हे त्याच्याच आधीच्या कलमात. नियम डॉक्टरांना बांधतो, म्हणून अर्ज फक्त हॉस्पिटलच्या नावाने देऊ नका, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचंही नाव घाला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. वेळ विसरू नका, ७२ तास तिथूनच मोजायचे.

७२ तास गेले. आता नवीन काढलं: पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर शपथपत्र आणा. कशाला? “पद्धत आहे.” नियमात असं काही नाही. आई शुद्धीत होती, तिच्या अंगठ्याचं अधिकारपत्र आणि दोघींचं आधार कार्ड जोडलेलं होतं. मी शपथपत्र दिलं नाही. ते कुठल्या नियमाखाली मागता, एवढंच लेखी द्या म्हटलं. लेखी द्यायला कोणी तयार नाही.

सुटका झाली ती एका फलकामुळे. २०२१ मध्ये राज्याच्या नर्सिंग होम नियमांत सुधारणा झाली, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. इथेही होती, रिसेप्शनच्या बाजूला, मनी प्लांटच्या कुंडीआड. मी फोटो काढला आणि विचारलं, तक्रार कोणाकडे करायची, नाव लिहून द्या. त्यानंतर फाइल, सही, साहेब, सगळं दुसऱ्या दिवशी सापडलं. झेरॉक्सचे पैसे घेतले, पावती दिली. द्यायला हरकत नाही, फक्त पानं तिथेच मोजा, प्रत्येक पानावर शिक्का घ्या, आणि घरी येऊन मगच चिडा.

पोझिशन चार्टवर सगळ्या खुणा एका हाताच्या, एका शाईच्या. दर दोन तासांनी कूस बदललेली, एकदाही चूक नाही. ऑपरेशनच्या दिवशी दुपारी दोनला ‘डावी कूस’ लिहिलंय, आणि ॲनेस्थेशियाच्या कागदाप्रमाणे आई तेव्हा टेबलवर होती. वहिनी बराच वेळ त्या रकान्याकडे बघत राहिली. तिला राग त्या सिस्टरचा आला नाही. रात्री वॉर्डला किती जणी असतात ते तिला माहीत आहे. पण केलेलं न लिहिणं आणि न केलेलं लिहिणं यात फरक आहे, म्हणाली, दुसऱ्यात नर्सचं रजिस्ट्रेशन जाऊ शकतं.

आधी सांगायला हवं होतं, आता आठवलं: अधिकारपत्रावर पेशंटची सही दवाखान्यात असतानाच घेऊन ठेवा. घरी आल्यावर आईचा हात थरथरत होता, शेवटी अंगठा घ्यावा लागला आणि साक्षीदार शोधत बसलो. आणि जखमेचे फोटो तारखेसह, शेजारी पट्टी ठेवून, पहिल्याच दिवशी काढा.

मेट्रन, म्हणजे नर्सेसच्या प्रमुख, भेटल्या, ऐकून घेतलं, लेखी उत्तर देतो म्हणाल्या. ते अजून आलेलं नाही. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. आई म्हणते, सोड बापा. वहिनी म्हणते, जखम भरू द्या, मग बोलू. सध्या ड्रेसिंग तीच करते आहे, आणि वहीत रोज वेळ टाकून लिहिते.